नाका बंद होता, सल्ला येत होता

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



बांद्याहून पत्रादेवीचा नाका दुचाकीने दहा मिनिटांवर. नाका ओलांडला की गोवा. पुढे पेडणे, म्हापसा, पणजी मागे टाकत बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तास-सव्वा तासात गाठता येते. आपले ओरोसचे जिल्हा रुग्णालय जवळजवळ तेवढेच लांब, पण उलट दिशेला. आमच्या भागाची आरोग्यसेवा समजून घ्यायला एवढा भूगोल पुरतो. छातीत कळ आली, डोक्याला मार लागला, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, की घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो 'बांबोळीक न्हेवया काय?' हाच. सावंतवाडीच्या मल्टिस्पेशालिटी रुग्णालयाबद्दल आपल्याकडे पुष्कळ निवेदने आली असतील, त्यांत मी भर घालत नाही. मी बांद्यात प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे आणि मला एका अशा सेवेबद्दल लिहायचे आहे जिच्यासाठी कुठल्याच अर्थसंकल्पात पैसा नव्हता, जिचा शासन निर्णय निघाला नव्हता, आणि जिच्यावर कोरोनाच्या दोन वर्षांत या तालुक्यातली अनेक माणसे जगली. ती सेवा म्हणजे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर विचारलेला सल्ला.

२०२० च्या मार्चअखेर देश बंद झाला आणि गोव्याने आपली हद्द बंद केली. ती मोकळी झाली १ सप्टेंबरला. मधले पाच महिने पास, प्रमाणपत्रे, तपासण्या. अत्यवस्थ रुग्ण सोडले जात, पण नाक्यावर कागद दाखवण्यात आणि पलीकडे दाखल करून घेतील की नाही या घालमेलीत जो वेळ जाई तो रुग्णाच्या आयुष्यातला जाई. पुढच्या वर्षी मे महिन्यात दुसरी लाट भरात असताना गोव्यात शिरायला पुन्हा निगेटिव्ह अहवालाची अट आली. ज्या रस्त्याने आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बाजाराला, नोकरीला आणि दवाखान्याला जात आले, तो दोनदा असा अडला.

रस्ता अडला तरी फोन चालू होता. बांबोळीत शिकलेले, बांबोळीत नोकरी करणारे, म्हापशात खासगी दवाखाना चालवणारे डॉक्टर आमच्या ओळखीचे होते. काही याच जिल्ह्यातले, सावंतवाडी-कुडाळच्या शाळांत शिकलेले. इकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातला तरुण वैद्यकीय अधिकारी, सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळीला असलेली डॉक्टर, माझ्यासारखे गावातले डॉक्टर. सगळ्यांच्या हातात तेच एक अॅप. 'सॅच्युरेशन ८४, ऑक्सिजनशिवाय. वय ६७, साखर आहे. एक्स-रे पाठवतोय. काय करू सर?' पलीकडून कधी दोन मिनिटांत, कधी तासाभराने उत्तर यायचे: 'ऑक्सिजन लाव. पालथे झोपव. साखर दर सहा तासांनी बघ. हलवायची घाई नको, सकाळी पुन्हा फोटो टाक.'

अशीच एक वाडीवरची आजी होती. बेड कुठेही नव्हता. घरच्यांनी गाडी काढून ठेवलेली, पण जायचे कुठे हे कुणालाच माहीत नव्हते. पलीकडच्या फिजिशियनने त्या रात्री चार वेळा उत्तर दिले. प्रत्येक वेळी आधी काहीतरी विचारले आणि मग सांगितले: श्वास मिनिटाला किती, बोलताना वाक्य पूर्ण होते का, लघवी झाली का, ओठांचा रंग कसा. आजी वाचल्या. त्या डॉक्टरांची त्या दिवशीची ड्यूटी संपून बराच वेळ झाला होता. त्यांनी ना फी घेतली, ना कुठे सही केली, ना कुठल्या नोंदवहीत त्यांचे नाव आहे. मला दुखते ते हेच. त्यांचे काम कुणाच्याही हिशेबात नाही.

कायद्याने हे निषिद्ध नव्हते, हे आधी सांगतो. लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, तेव्हाच्या वैद्यक परिषदेच्या नियामक मंडळाने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांत साध्या चॅटच्या साधनांत व्हॉट्सॲपचे नाव आहे, आणि एका नोंदणीकृत डॉक्टरने दुसऱ्याला दूरस्थ सल्ला विचारण्याला मान्यता आहे. त्यात एक अट आहे: उपचाराची जबाबदारी विचारणाऱ्याचीच राहील. तत्त्व म्हणून ती योग्यच, कारण रुग्णाला हात लावून तपासले ते त्याने. पण साहेब, ही अट आरोग्य केंद्रात एकटा बसलेल्या पंचविशीतल्या मुलावर कशी पडते ते बघा. रुग्ण दगावला आणि नातेवाईक दारात जमले की जबाबदार तो. ज्यांच्या शब्दावर त्याने इंजेक्शन दिले त्यांचा शब्द फोनच्या पडद्यावर. फोन बदलला, बिघडला, मेमरी भरली म्हणून चॅट पुसला, की तोही गेला. त्याच सूचनांनी संवादाची, अहवालांची आणि चित्रांची नोंद ठेवायलाही सांगितले आहे. ती ठेवायची कशात आणि कुणी, हे आमच्या पातळीवर कधीच ठरले नाही. केस पेपरवर 'फिजिशियनशी बोललो' एवढे दोन शब्द लिहिणारेही थोडे.

या साधनाने आम्हाला काय दिले ते वेगळे सांगायला हवे, कारण आता मागे वळून बघणारे लोक एकतर त्याला डोक्यावर घेतात किंवा 'फॉरवर्डचा बाजार' म्हणून झटकून टाकतात. १६ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जाहीर केले की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने कमी करते. केंद्राने २७ जूनला ते आपल्या उपचारपद्धतीत घेतले. आमच्यापर्यंत ती बातमी फोनवरूनच आली आणि औषध गावातल्या मेडिकलमध्येही मिळणारे होते. कोल्हापूर-मुंबईतल्या वरिष्ठाला जे कळले ते बांद्यातल्याला त्याच आठवड्यात कळणे, हे आमच्या पिढीने आधी पाहिले नव्हते. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांचे एकेक निरीक्षण लिहीत होते तेव्हा ते 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकापर्यंत पोचवायला पोस्टाचे पाकीट होते. प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू रोखता येतात हे ज्ञान कोकणातूनच जगाला गेले. ते सगळ्या कोकणात पसरायला मात्र वर्षे लागली.

पण डेक्सामेथासोनच्या संशोधनात एक ओळ आणखी होती: ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना या स्टेरॉइडचा फायदा दिसला नाही. ती ओळ फॉरवर्ड होता होता गळाली. कुठल्याशा शहरातल्या कुणाचे तरी प्रिस्क्रिप्शन, नाव कापलेले, औषधांच्या आठ ओळी, त्यात ताप आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड. असली चित्रे डॉक्टरांच्या ग्रुपवरून सामान्यांच्या ग्रुपवर आणि तिथून औषध दुकानाच्या काउंटरवर आली. मधुमेह असलेल्या माणसाची साखर त्याने कुठे जाते हे सांगायला नको. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या रुग्णांची नोंद सक्तीची करा असे केंद्राला राज्यांना सांगावे लागले. त्या बुरशीमागे अनेक कारणे होती, पण गरज नसताना आणि मोजमाप न ठेवता घेतलेले स्टेरॉइड त्यांत नक्की होते.

सल्ला आणि फॉरवर्ड यांत फरक एकच: सल्ल्यात विशिष्ट रुग्ण असतो आणि उत्तर देणारा उलट प्रश्न विचारतो. त्या फिजिशियनने आजीबद्दल आधी विचारले, मग सांगितले. आठ ओळींच्या प्रिस्क्रिप्शनला प्रश्न विचारता येत नाही. म्हणून माझी विनंती आहे की राज्याने मोठे ग्रुप वाढवू नयेत, ग्रुपवर परिपत्रके टाकून काम झाले असे समजू नये. एकास एक, नावानिशी चाललेला सल्ला वाढवावा.

आता खासगीपणाबद्दल. हा मुद्दा शहरातल्या वकिलांचा वाटतो, पण सगळ्यात जास्त आमच्यासारख्या गावांचा आहे. व्हॉट्सॲपचा संदेश जाताना कुणी वाचू शकत नाही अशी व्यवस्था २०१६ पासून आहे. धोका वाटेत नाही, दोन्ही टोकांना आहे. एक्स-रेचा फोटो काढला की तो डॉक्टरांच्या फोनमधल्या लग्नाच्या, सहलीच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो, आपोआप बॅकअपला जातो, घरातले मूल गेम खेळताना तो पाहते. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव, ईसीजीवर नाव, रक्ताच्या अहवालावर नाव आणि फोन नंबर. आणि नाव कापले तरी काय? 'वय ५२, डोंबिवलीहून आलेला, अमुक वाडी' एवढे म्हटले की अख्ख्या गावाला माणूस कळतो. २०२० च्या मे-जूनमध्ये चाकरमानी गावी येत होते तेव्हा बाधितांच्या याद्या गावोगावच्या ग्रुपवर फिरल्या. त्या घरांशी पाणवठ्यावर आणि दुकानावर लोक कसे वागले ते आम्ही पाहिले आहे. त्यामुळे पुढे लक्षणे लपवणारे रुग्ण आम्हाला भेटले, आणि ते उशिरा आले.

ब्रिटनचे उदाहरण आपल्या खात्याने जरूर पाहावे. तिथल्या आरोग्यसेवेने मार्च २०२० मध्येच सांगून टाकले की दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल आणि लाभ धोक्यापेक्षा मोठा असेल तर डॉक्टरांनी आपसात व्हॉट्सॲप वापरायला हरकत नाही. संकटात हा निर्णय शहाणपणाचाच होता. पण स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर भागात कर्मचाऱ्यांचा असा एक ग्रुप एप्रिल २०२० ते एप्रिल २०२२ चालू राहिला. सव्वीस जणांच्या त्या ग्रुपवर रुग्णांची माहिती पाचशेहून अधिक वेळा टाकली गेली: नावे, पत्ते, फोन नंबर, चित्रे. चुकून एक बाहेरचा माणूसही त्यात जोडला गेला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी त्या आरोग्य मंडळाला जाहीर समज दिली. तेथे समज संस्थेला मिळाली, कारण कर्मचाऱ्यांना योग्य साधन आणि स्पष्ट नियम देणे हे संस्थेचे काम होते. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले. आमच्याकडे असे काही घडले तर पहिली नोटीस आरोग्य केंद्रातल्या त्या पंचविशीतल्या मुलालाच येईल, ही मला भीती आहे. त्याला तुम्ही ना फोन दिला आहे, ना नियम.

'पण ई-संजीवनी आहे ना?' असे आपले अधिकारी म्हणतील. ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा आहे, आणि चांगली आहे. डॉक्टर ते डॉक्टर सल्ल्याचा तिचा भाग कोरोनाच्या आधी, नोव्हेंबर २०१९ मध्येच सुरू झाला होता. त्याच्याही आधी, इस्रोच्या मदतीने राज्याने टेलिमेडिसिन सुरू केले तेव्हा मुंबईच्या केईएमशी जोडलेल्या पहिल्या पाच जिल्हा रुग्णालयांत सिंधुदुर्ग होते. म्हणजे या बाबतीत आपण मागे नव्हतो, उलट फार लवकर निघालो होतो. तरी वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी खिशातला फोनच काढला. याचे कारण आळस नव्हे. रात्री अडीच वाजता, दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज असताना, लॉगिन आणि पासवर्ड सुचत नाही. ओळखीच्या माणसाचा नंबर सुचतो. पलीकडचा डॉक्टर आपल्याला ओळखतो, आपल्या केंद्रात काय आहे आणि काय नाही हे त्याला ठाऊक आहे, 'व्हेंटिलेटर लाव' असे तो बांद्याला सांगणार नाही, हा विश्वास कुठल्याही पोर्टलवर तयार मिळत नाही. तेव्हा सरकारी व्यवस्था बांधायची असेल तर ती या ओळखीवर बांधा, ओळख मोडून नको.

त्यासाठी फार मोठा खर्च नाही. प्रत्येक आरोग्य केंद्राला एक सरकारी फोन, जो डॉक्टर बदलला तरी केंद्रातच राहील. जिल्ह्यात फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांची रोजची यादी, नाव आणि नंबरासह, रात्रीसकट. आणि ज्याची पाळी त्याला त्या तासांचा मोबदला, मग तो सरकारी असो की खासगी. हा मोबदला फार महत्त्वाचा आहे. कोरोनात ज्यांनी फुकट उत्तरे दिली ते पुढच्या साथीतही देतील, पण त्यांना किती दिवस ताणायचे याला मर्यादा हवी. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही म्हणून चिडलेला डॉक्टर मी पाहिला आहे, आणि त्याच वेळी पलीकडे स्वतःच्या घरी तापाने पडलेला डॉक्टरही.

सल्ला झाला की केस पेपरवर चार ओळी: काय विचारले, कुणाला, किती वाजता, काय उत्तर आले. सल्ला देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी त्या नोंदीला एका संदेशाने दुजोरा द्यावा. एवढे झाले तरी त्या मुलाच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरेल. फोटोचा नियम अर्ध्या पानात मावतो. नाव झाकून केस पेपरचा क्रमांक लिहावा, म्हणजे दोन रुग्णांच्या अहवालांची अदलाबदल होणार नाही. एक्स-रे भिंतीवरच्या ट्यूबलाइटसमोर धरून नव्हे, व्ह्यू बॉक्सवर लावून काढावा. तो साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण फोटो म्हणून पाठवताना अॅप त्याचा आकार कमी करते आणि फुप्फुसाच्या कडेची बारीक सावली नेमकी त्यात हरवते. काम झाल्यावर फोनमधून काढून टाकावा. हे आम्हाला कुणी शिकवले नाही, अडत अडत कळले. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला ते पहिल्या दिवशी कळायला हवे.

रेंजबद्दल थोडक्यात. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. विजेचे खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले, आणि काही भागांत कित्येक दिवस ना वीज ना फोन. दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या माणसाला विजेविना काय वाटले असेल याचा आपण विचार करा, आणि त्याच्या डॉक्टरला फोनविना. आरोग्य केंद्रांना सौर बॅटरी आणि पोलिसांच्या वायरलेसशी जोडणी हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

आणि शेवटी गोवा, कारण आमच्यापुरता सगळा प्रश्न तिथे येऊन थांबतो.

आमच्या भागात साथ ही कोरोनाने आणलेली नवी गोष्ट नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आला, आणि २०१७ च्या काजूच्या हंगामात बांदा परिसर त्याचा मुख्य अड्डा झाला. बागेत काजू गोळा करायला गेलेली माणसे गोचिडी अंगावर घेऊन यायची. चार-पाच दिवसांनी कडक ताप, अंगदुखी, प्लेटलेट्स कमी. डेंगी म्हणावा तर डेंगी नाही. त्यावर खास औषध नाही, रुग्णावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे हाच उपचार, आणि कोणाला रक्तस्राव होईल, कोणाच्या मेंदूवर जाईल हे ओळखायला अनुभवी नजर हवी. तेव्हाही बिघडलेले रुग्ण बांबोळीला गेले. तेव्हाही आम्ही पलीकडच्यांनाच फोन करून विचारत होतो. गोचिडीला पत्रादेवीचा नाका ठाऊक नाही. सत्तरी-पेडण्याच्या बागा आणि आमच्या बागा एकाच डोंगररांगेच्या पायथ्याला आहेत.

गोवा सरकारने २०१८ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यासाठी 'स्टेमी' प्रकल्प सुरू केला. लहान केंद्रात काढलेला ईसीजी तत्काळ तज्ज्ञांपर्यंत जातो, निदान काही मिनिटांत परत येते, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या केंद्रातच देऊन मग रुग्ण बांबोळीला निघतो. आपल्या राज्यानेही काही जिल्ह्यांत त्याच धर्तीवर काम सुरू केले. पण बांद्याच्या माणसाला झटका आला तर तो जाणार बांबोळीला. मग त्याचा ईसीजी त्याच्या आधी तिथे का पोचू नये? आज तो पोचतो तो कुणाच्या तरी ओळखीने, खासगी फोनवरून. ज्याच्या डॉक्टरची ओळख नाही त्याचा पोचत नाही. दोघेही करदाते, दोघेही एकाच वाडीतले, आणि फरक फक्त कुणाच्या फोनमध्ये कुणाचा नंबर आहे एवढाच. मला हे सहन होत नाही.

दोन राज्यांना यात एकत्र बसता येते, हे आम्ही पाहिले आहे. २०१८ च्या सुरुवातीला बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले, आणि मग महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून वाट काढण्यासाठी दोन्ही सरकारांची बोलणी झाली. पैशाच्या प्रश्नावर बोलणी झाली तशी सल्ल्याच्या प्रश्नावरही होऊ शकतात. सावंतवाडी, दोडामार्ग आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांतल्या सरकारी-खासगी डॉक्टरांनी बांबोळीच्या तज्ज्ञांना विचारलेला सल्ला दोन्ही राज्ये अधिकृत मानतील, त्याची नोंद दोन्हीकडे राहील, त्या तज्ज्ञांच्या वेळेचा वाटा महाराष्ट्र उचलेल, आणि पुढच्या साथीत नाका बंद झाला तरी बांबोळीने आधीच ऐकलेला रुग्ण कागद न मागता पलीकडे सोडला जाईल, असा एक करार करावा. मसुदा करायला आपल्या खात्याला आमची मदत लागली तर दोन्ही बाजूंचे डॉक्टर सावंतवाडीत एका दिवसात जमू शकतात. तारीख आपण कळवावी. पावसाळ्याआधीची असली तर बरे, कारण तेरेखोल नदी भरली की बांदा बाजारपेठेतून बाहेर पडणेच अवघड होते, आणि काजूचा हंगामही तोवर संपलेला असतो.

आपला विश्वासू,
बांद्यातील एक डॉक्टर
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग